द्राक्षातलं सीसीसी शोधायला कागदाचा त्रिकोण पुरतो, पण तो नीट कापलेला हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे एक जुना आयन ट्रॅप मास स्पेक्ट्रोमीटर आहे, म्हणजे भारित कण (आयन) सापळ्यात पकडून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र. त्याच्या पुढचा, मिश्रणातले घटक वेगळे करणारा क्रोमॅटोग्राफीचा भाग बंद पडला आहे, पण ट्रॅप आणि पंप चांगले चालतात. नवा आयन स्रोत, म्हणजे नमुन्यातल्या रेणूंचे आयन करून यंत्रात सोडणारा भाग, विकत घ्यायला पैसे नाहीत. द्राक्षातलं सीसीसी (वेलीची वाढ आवरणारं फवारणीचं रसायन) ओळखता येईल असा स्वस्त आणि हलवता येणारा आयन स्रोत हातानं बनवता येईल का, आणि तो थेट बागेत नेता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

स्रोत बनवता येतो, तोही कागदाचा. बागेत मात्र यंत्र नेऊ नका, कागद न्या. असं का म्हणतो ते सांगायला थोडी जागा लागेल.

आधी सीसीसीबद्दल, कारण तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणूनही ओळखतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटीचा जोर आवरावा आणि काडीत घड धरावेत म्हणून ते फवारलं जातं. २०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघालं, माल अडकला आणि महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांना जबर फटका बसला. तेव्हाची युरोपीय मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हा रेणू नेहमीच्या तपासणीतून निसटतो, कारण तो चतुष्क अमोनियम क्षार आहे, म्हणजे त्याच्या नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो. शंभर-दोनशे कीटकनाशकं एकाच वेळी शोधणाऱ्या पद्धतीत द्राक्षाचा लगदा एथिल अॅसिटेट किंवा अॅसिटोनाइट्राइलनं काढतात. इतर रसायनं त्या थरात जातात, हा मात्र पाण्यातच राहतो. गॅस क्रोमॅटोग्राफीतही त्याची वाफ होत नाही. शोधायचं तर वेगळ्या पद्धतीनंच शोधावं लागतं.

पण ज्या गुणामुळे तो नेहमीच्या पद्धतीला चकवतो, त्याच गुणामुळे तो तुमच्या हाती लागतो. मास स्पेक्ट्रोमीटरला फक्त विद्युतभारित कण दिसतात. बहुतेक कीटकनाशकांचे रेणू उदासीन असतात, त्यांना एखादा प्रोटॉन चिकटवून भारित करावं लागतं, आणि आयन स्रोताचं कसब तिथे लागतं. क्लोरमेक्वाटवर धनभार जन्मापासूनच आहे. त्याला भार द्यायचा नाही, फक्त द्रवातून उचलून हवेत सोडायचं आहे. ज्या कामात साधा, स्वस्त स्रोत महागड्या स्रोताच्या सर्वात जवळ पोचतो, असं हे काम आहे. तुम्ही सुरुवात दुसऱ्या कुठल्या रसायनापासून केली असती तर मी इतक्या खात्रीनं लिहिलं नसतं.

आता कागद. इलेक्ट्रोस्प्रेसाठी जॉन फेन यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं, त्याचं तत्त्व तुम्ही शिकवतच असाल: बारीक सुईच्या टोकाला काही हजार व्होल्ट दिले की द्रवाचे भारित थेंब सुटतात, ते आटत जातात आणि शेवटी मोकळे आयन उरतात. त्या सुईत द्राक्षाचा रस घातला तर साखर आणि गर तिला लगेच तुंबवतात. २०१० मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या ग्रॅहम कुक्स आणि झेंग ओयांग यांच्या गटांनी सुईच्या जागी कागदाचा त्रिकोण ठेवला. कागदाच्या धाग्यांतून द्रव टोकापर्यंत झिरपतो, टोकावरून फवारा सुटतो आणि बराचसा गाळ मागेच कागदात अडकतो. पंप लागत नाही, वायूचा सिलिंडर लागत नाही, आणि एका नमुन्याला एक त्रिकोण वापरून टाकून द्यायचा असतो.

कापण्याचं काम विद्यार्थ्यांवर सोपवण्याआधी स्वतः पन्नास त्रिकोण कापून बघा. व्हॉटमन १ नंबरचा कागद घ्या. पाया ५ मिलिमीटर, उंची १० मिलिमीटर. कात्री वापरू नका. कात्रीनं टोकाचे धागे विस्कटतात, आणि विस्कटलेल्या टोकाला एक फवारा येत नाही, तीन-चार छोटे फवारे तीन-चार दिशांना जातात. काचेवर कागद ठेवून, पोलादी पट्टी दाबून, नव्या पात्यानं एका ओढीत काप घ्यावा. पातं दर वीस-पंचवीस कापांनंतर बदला. कापलेलं प्रत्येक टोक भिंगाखाली बघायचं. त्रिकोण मिथेनॉलमध्ये दोनदा धुवून, धूळ न येणाऱ्या जागी वाळवायचे. कागद बोटांनी धरू नका, चिमट्यानं धरा. हे सगळं क्षुल्लक वाटेल, पण कागदाच्या फवाऱ्यात मोजणीचा सर्वात मोठा चढउतार टोकाच्या कापातून येतो, यंत्रातून नव्हे.

त्रिकोण धातूच्या मगरचिमट्यात धरून टोक यंत्राच्या प्रवेशछिद्रासमोर, ३ ते ५ मिलिमीटरवर, सरळ रेषेत ठेवायचं. चिमट्यावर प्लास्टिकचं आवरण असेल तर काढून टाका. त्यातला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) मिथेनॉलमध्ये उतरतो आणि वर्णपटात ३९१ वस्तुमानाला ठळक शिखर येतं. ते थॅलेटचं आहे, द्राक्षातलं नाही. चिमट्यासाठी हलवता येणारी पट्टी लागते. जुन्या सूक्ष्मदर्शकाचा सरकता मंच काढून त्यावर बसवला तर काम उत्तम होतं, आणि असा एखादा मंच प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात पडलेला असतोच.

व्होल्टेजसाठी वेगळा खर्च बहुधा करावाच लागणार नाही. यंत्राचा मूळ इलेक्ट्रोस्प्रे स्रोत जिथे जोडला जातो तिथे उच्च दाबाची तार आधीपासून आहे. तीच चिमट्याला जोडता येते, आणि ३.५ ते ४.५ किलोव्होल्ट यंत्राच्या पडद्यावरूनच ठरवता येतात. मात्र आधी यंत्राचं पुस्तक काढून एक गोष्ट तपासा. सगळ्या कंपन्या सुईला व्होल्टेज देत नाहीत. काहींच्या रचनेत सुई जमिनीला जोडलेली असते आणि प्रवेशनळीवरच काही हजार ऋण व्होल्ट असतात. तुमचं यंत्र त्या प्रकारचं असेल तर कागद जमिनीला जोडायचा, आणि उघड्या प्रवेशनळीजवळ हात अजिबात न्यायचा नाही.

स्रोताचं झाकण काढलं की सुरक्षाकुलूप व्होल्टेज बंद करतं. तिथे तारेचा तुकडा खुपसून कुलूप फसवण्याची सवय मी अनेक प्रयोगशाळांत पाहिली आहे. कृपा करून ते करू नका. अॅक्रिलिकची पेटी करा, तिच्या दाराला सूक्ष्म स्विच बसवा आणि तो त्या कुलपाच्या मंडलातच जोडा. बाहेरचा वेगळा उच्च दाबाचा संच वापरणार असाल तर तारेत १० मेगाओहमचा, तेवढा दाब सोसणारा रोधक घाला. फवाऱ्याचा प्रवाह मायक्रोअँपिअरच्या घरात असतो, त्यामुळे त्या रोधकावर दहा-वीस व्होल्टच खर्च होतात, फवाऱ्याला फरक पडत नाही. पण कुणाचा हात लागला तर ४००० व्होल्टलाही प्रवाह ०.४ मिलिअँपिअरच्या वर जात नाही. मिथेनॉलची बाटली पेटीपासून लांब ठेवा. ठिणगी आणि मिथेनॉलची वाफ एकत्र येऊ देऊ नये.

नमुन्याची तयारी. मणी देठ काढून मिक्सरमध्ये लगदा करा. १० ग्रॅम लगद्याला १ टक्का फॉर्मिक आम्ल घातलेलं १० मिलिलिटर मिथेनॉल, मग हलवा, गार करा, सेंट्रिफ्यूज करा. युरोपात अशा अतिध्रुवीय रसायनांसाठी आम्लयुक्त मिथेनॉलचीच पद्धत वापरतात. वरचा स्वच्छ द्रव १० मायक्रोलिटर घेऊन त्रिकोणाच्या मध्यावर टाका, वाळू द्या. मग मिथेनॉल ९ भाग, पाणी १ भाग, ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल असं मिश्रण १५-२० मायक्रोलिटर मागच्या बाजूला टाकून व्होल्टेज द्या. फवारा अर्धा-पाऊण मिनिट टिकतो, तेवढा पुरतो. एप्रिल-मेमध्ये मिथेनॉल टोकापर्यंत पोचण्याआधीच उडतं. तेव्हा पाणी थोडं वाढवा, पण पाण्यानं पृष्ठताण वाढतो आणि व्होल्टेजही वाढवावं लागतं. पावसाळ्यात उलट अडचण येते: कागद दमट होतो आणि चिमट्याच्या आधारावरून व्होल्टेज गळतं. त्रिकोण सिलिका जेलच्या डब्यात ठेवावेत.

एक सूचना वेगळी लिहितो, कारण ती पुष्कळांना माहीत नसते. काचेच्या बाटल्या वापरू नका. चतुष्क अमोनियम आयन काचेला चिकटतात, आणि विरळ द्रावणाचं प्रमाण बाटलीतच घसरतं. मानक द्रावणं (ज्यांतलं सीसीसीचं प्रमाण आधीच ठाऊक असतं) आणि नमुने, दोन्ही पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांत ठेवा.

आता हिशेब. ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे ग्रॅमला ५० नॅनोग्रॅम. लगद्यात तितकंच मिथेनॉल घातल्यावर ते साधारण निम्मं होतं. त्यातले १० मायक्रोलिटर कागदावर टाकले तर मर्यादेवरच्या नमुन्यात क्लोरमेक्वाट सुमारे २५० पिकोग्रॅम येतं. एवढ्या प्रमाणात जन्मतः भारित आयन पकडणं जुन्या ट्रॅपच्याही आवाक्यातलं आहे, पण एका अटीवर. द्राक्षाच्या रसात पोटॅशियम आणि साखर भरपूर असतात. ग्लुकोज-फ्रुक्टोजला पोटॅशियम चिकटून २१९ ला आणि सोडियम चिकटून २०३ ला प्रचंड शिखरं येतात. ट्रॅपमध्ये आयन मावण्याला मर्यादा असते. ही साखर ट्रॅप भरून टाकते आणि तुमच्या आयनाला जागाच उरत नाही. त्यामुळे पूर्ण वर्णपट घेऊन त्यात १२२, म्हणजे क्लोरमेक्वाटच्या आयनाचं वस्तुमान, शोधत बसू नका. १२२ ची अरुंद खिडकी ठेवून तेवढेच आयन ट्रॅपमध्ये साठवा, मग फोडा.

क्लोरमेक्वाटचा आयन १२२ ला आहे, फुटून ५८ देतो. फोडताना मूळ वस्तुमानाच्या सुमारे पाव ते एक तृतीयांशाखालचे तुकडे ट्रॅप धरून ठेवत नाही, ही ट्रॅपची जुनी मर्यादा तुम्हाला ठाऊक असेल. इथे ५८ हा १२२ च्या जवळपास निम्मा आहे, म्हणून सुटतो. पण पुष्कळ जुने ट्रॅप ५० च्या खाली बघतच नाहीत, आणि ५८ अगदी काठावर येतो, म्हणून वस्तुमानाचं अंशांकन त्या टोकाला नीट करून घ्या. रेणूत एक क्लोरीन आहे, त्यामुळे १२४ लाही शिखर हवं, आणि १२२ शी त्याचं प्रमाण साधारण तिनास एक हवं. १२२ आणि १२४, दोन्ही फोडून दोन्हीतून ५८ आला आणि प्रमाणही जुळलं, तरच ते क्लोरमेक्वाट समजावं. यातलं एक जरी चुकलं तर नाही. १०४ ला कोलीन दिसेल, ते द्राक्षात नैसर्गिकच असतं आणि तेही चतुष्क अमोनियमच. ते दिसणं चांगलं लक्षण आहे: फवारा सुटतोय आणि निष्कर्षण झालंय. कोलीन दिसलं नाही तर क्लोरमेक्वाट ‘नाही’ असं लिहू नका, ‘मोजणी झाली नाही’ असं लिहा.

आणि पैसे खर्च करायचे ते इथे करा: ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) चार अणुस्थानं असलेलं क्लोरमेक्वाट विकत घ्या. त्याचा आयन १२६ ला येतो आणि तोही ५८ देतो. दोननं जड असतं तर क्लोरीनच्या १२४ वर बसलं असतं, चारनं जड असल्यामुळे वेगळं दिसतं. लगद्यात सुरुवातीलाच ठरावीक प्रमाणात घाला. कागदाचा काप, टोकाचं अंतर, फवाऱ्याचा जोर, साखरेची दडपणूक, या सगळ्यांचा परिणाम दोघांवर सारखाच होतो, आणि १२२ चं १२६ शी गुणोत्तर स्थिर राहतं. हे अंतर्गत मानक नसेल तर कागदाच्या फवाऱ्यातून आलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही. अंशांकनाची रेषही शुद्ध पाण्यात न घेता, ज्यात सीसीसी कधी वापरलेलं नाही अशा बागेतल्या द्राक्षाच्या लगद्यात घ्या. अशी बाग शोधायला वेळ लागेल. हंगामाआधीच शोधून, लगदा गोठवून ठेवा.

माझा एक अनुभव सांगतो, तो अजून मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी एका बागायतदाराचे नमुने आम्ही अशाच कागदी फवाऱ्यावर पाहिले आणि चारपैकी दोनांत क्लोरमेक्वाट सांगितलं. त्यानं माल शीतगृहात रोखून धरला. दुसऱ्या दिवशी फेरतपासणी करताना कोऱ्या कागदावरही १२२ दिसू लागलं. आदल्या सकाळी त्याच चिमट्यात कडक मानक द्रावणाचा कागद धरला होता, आणि धातूवर राहिलेला अंश पुढच्या कागदांत उतरत होता. चिमटा बदलल्यावर त्याचे चारही नमुने स्वच्छ निघाले. त्याचा एक दिवस आणि शीतगृहाचं भाडं गेलं, आमच्यावरचा विश्वासही थोडा गेला. तेव्हापासून आमच्याकडे मानकांचा चिमटा वेगळा, नमुन्यांचा वेगळा, आणि प्रत्येक नमुन्यानंतर कोरा कागद. कोऱ्यावर काही दिसलं तर त्याआधीचा नमुना बाद.

इतर स्रोतांचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही ते वाचले असणार. २००५ मध्ये आलेल्या डार्ट या आयन स्रोताला गरम हेलियम लागतो. हेलियम महाग आहे, आणि वाफ न होणाऱ्या क्षारांना डार्ट फारसा उचलत नाही. २००८ मध्ये कुक्स यांच्याच गटानं मांडलेला कमी तापमानाचा प्लाझ्मा बनवायला स्वस्त आहे. मेक्सिकोत इरापुआतो इथे रॉबर्ट विंकलर यांच्या गटानं त्याच्या स्वस्त रचना केल्या आहेत. पण तोही वाफ होणाऱ्या रेणूंसाठी चांगला, सीसीसीसाठी नाही. ब्राझीलमध्ये कांपिनास इथे मार्कोस एबरलिन यांच्या गटानं व्होल्टेजच न वापरता केवळ वेगवान वायूच्या झोतानं फवारा काढला, अगदी डब्यातल्या दाबलेल्या हवेवरही चालवला. कल्पना सुंदर आहे, वायूची सोय असेल तर करून बघा. आणि आपल्याकडचं काम म्हणजे आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप आणि कुक्स यांनी २०१४ मध्ये कार्बन नॅनोट्यूब लावलेल्या कागदावरून अवघ्या ३ व्होल्टवर आयन काढून दाखवले. घड्याळाच्या दोन सेलचं व्होल्टेज! नळ्यांच्या सूक्ष्म टोकांपाशी विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की किलोव्होल्टची गरज उरत नाही. सीसीसीसारख्या जन्मतः भारित आयनाला हा कागद साजेसा आहे, असं माझं मत आहे. तुमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचा असेल तर हाच द्या. पहिल्या वर्षी मात्र साध्या कागदावरच हात बसवा.

आता बागेत नेण्याचं. आयन स्रोत खिशात मावतो, पण मास स्पेक्ट्रोमीटरचा जडपणा स्रोतात नाही, निर्वातात आहे. बाहेरची हवा सतत आत घेत राहायची आणि तरी आत निर्वात टिकवायचा, म्हणून मोठे पंप लागतात. पर्ड्यूच्या गटानं २००६ मध्ये सुमारे १० किलोचं यंत्र केलं, पुढे प्रवेशद्वार क्षणभरच उघडून बंद करण्याची युक्ती काढली म्हणजे छोटा पंप पुरतो, आणि २०१४ पर्यंत कागदी फवाऱ्यासकट टेबलावर उचलून ठेवता येईल असं यंत्र दाखवलं. ती खास बांधलेली यंत्रं आहेत. तुमचा ट्रॅप टेम्पोत घालून निफाडच्या रस्त्यानं नेला तर निर्वात राखणाऱ्या टर्बो पंपाचं काय होईल याचा विचारही करवत नाही.

कागद मात्र पाकिटातून प्रवास करतो. प्रयोगशाळेत त्रिकोणावर ड्युटेरियमचं मानक आधीच टाकून वाळवा. बागायतदारानं प्लॉटच्या वेगवेगळ्या रांगांतून, घडाच्या वरून, मधून, खालून मणी घ्यावेत, स्वच्छ पिशवीत चुरडावेत, ठरावीक मापाच्या केशनळीनं १० मायक्रोलिटर रस कागदावर सोडावा, सावलीत वाळवावा आणि कागदी पाकिटात सिलिका जेलसह पाठवावा. क्लोरमेक्वाट क्षार आहे, उडून जात नाही, म्हणून हे चालतं. डायक्लोरव्हॉससारखं उडून जाणारं रसायन असतं तर वाळवतानाच गेलं असतं. कागदावर आधी टाकलेलं मानक लगद्यातल्या निष्कर्षणाची भरपाई करत नाही, त्यामुळे या वाटेनं येणारा आकडा ढोबळ असेल. चाळणीसाठी तो पुरतो.

मण्याच्या सालीवर कागद घासून नमुना घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. सीसीसी आंतरप्रवाही आहे, गरातही असतं. युरोपात नाशपातीच्या झाडांत तर आधीच्या वर्षाच्या फवारणीचा अंश पुढच्या फळांत उतरल्याचं दिसलं आहे. शिवाय साल पुसून मिळतं ते पृष्ठभागावरचं प्रमाण, आणि कायद्याची मर्यादा किलोला मिलिग्रॅममध्ये आहे. या दोन आकड्यांची तुलना होऊच शकत नाही.

बागायतदाराला निकाल देताना दोनच शब्द वापरा: ‘संशय’ किंवा ‘संशय नाही’. सीमारेषा मर्यादेच्या निम्म्यावर, म्हणजे ०.०२५ वर ठेवा. निर्यातीचा माल असेल तर त्याच्यावर लागू असलेली त्या वर्षीची मर्यादा आधी बघून घ्या, कारण मर्यादा बदलतात. संशय निघाला की नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी प्राधिकरणाची, ग्रेपनेट व्यवस्था आहे, आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा आहे. तुमचा कागद तिथलं प्रमाणपत्र देत नाही. तो खरड छाटणीनंतर काय फवारलं याची नोंद नसलेल्या बागायतदाराला तोडणीच्या महिनाभर आधी इशारा देतो, आणि तेवढ्यात वेगळी बाजारपेठ शोधायला त्याला वेळ मिळतो.

सुरुवात अशी करा. पहिल्या आठवड्यात द्राक्षाला हातच लावू नका. तीस कोरे कागद चालवा आणि १२२ ला काय दिसतं ते लिहून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात एकाच मानक द्रावणाचे तीस कागद चालवा आणि १२२ व १२६ च्या गुणोत्तराचा चढउतार काढा. तो १५ टक्क्यांच्या आत आला तर तिसऱ्या आठवड्यात गोठवलेला लगदा बाहेर काढा. नाही आला तर पातं बदला आणि पुन्हा कापायला बसा.